ऑपेराचा टेनर: मुंबईत राहून हे जमतं का, आणि पोट कशावर भरतं?

लालबागचा_षड्ज

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसता वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, तेव्हा सांभाळून घ्या.

वय २३, राहणार लालबाग. बी.कॉम. करून लोअर परळला एका ऑफिसात अकाउंट्स बघतो. गाणं आठव्या वर्षापासून. गुरुजींकडे ख्याल, आणि गल्लीतल्या मंडळामुळे नाट्यपदं. पट्टी काळी दोन. वर जायची मला कधी भीती वाटली नाही. उलट गुरुजीच म्हणायचे, 'जरा खाली बस, खरजात काय आहे ते बघ.'

दीड वर्षापूर्वी ऑफिसातली मैत्रीण मला तिच्या कॉयरच्या, म्हणजे पाश्चात्त्य समूहगायनाच्या तालमीला घेऊन गेली. तिथे बायका पंचवीस, बास (पुरुषांतला खालचा आवाज) सहा आणि टेनर (पुरुषांतला वरचा आवाज) दोन. त्या दोघांतले एक काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी रजेवर. त्यामुळे नोटेशनमधला न सुद्धा येत नसताना मला पायघड्या घालून घेतलं. माझी ओळ मी मोबाइलवर रेकॉर्ड करायचो आणि घरी येऊन सारेगममध्ये लिहून पाठ करायचो. अजूनही तसंच चाललंय.

मागच्या महिन्यात वर्कशॉप घ्यायला बाहेरून एक बाई आल्या होत्या. त्यांनी मला एकट्याला उभं करून पाच मिनिटं वरखाली गायला लावलं आणि म्हणाल्या, 'हा टेनर आहे, याने ऑपेरा शिकायला हवा.' ऑपेरा म्हणजे तिकडचं संगीत नाटक. झालं, तेव्हापासून झोप उडाली आहे.

घरी विषय काढला. म्हटलं, 'आमचे कंडक्टर म्हणतात की...' बाबांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, 'कुठला डेपो?' बाबा बेस्टमधून रिटायर झालेत. आमच्याकडे कंडक्टर म्हटलं की बसचाच, कॉयरला ताल देणारा नाही.

तर विचारायचं असं की, मुंबईत बसून यात करिअर होतं का, की परदेशी गेलंच पाहिजे? २३ म्हणजे उशीर झाला का? गुरुजींनी पंधरा वर्षं घडवलेला गळा याने बिघडेल का? आणि एक प्रश्न जरा लाजत विचारतो. ही मंडळी पोट कशावर भरतात? मला जे जे भेटले ते सगळे कुठे ना कुठे शिकवताना दिसले. शेवटी शिकवण्याच करायच्या असतील तर मी आत्ताच विशारद पूर्ण करून पेटी घेऊन बसलो तर काय वाईट?

हिंदूकॉलनीचे_नाना

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शब्द कळत नाहीत, बाई मरायला टेकलेली असते आणि तरी वीस मिनिटं गाते. त्यात ऐकणारे कोण, तर कुलाबा ते मलबार हिल. तुम्ही अकाउंट्सला आहात, सीएच्या परीक्षा द्या आणि रविवारी हौस म्हणून गा. आमच्या वेळी ऑपेरा हाऊस म्हणजे सिनेमाचं थिएटर. बाल्कनीची तिकिटं काढून तिथे मी पुष्कळ सिनेमे पाहिलेत, ऑपेरा एकही नाही. आणि त्यामुळे माझं काहीही अडलं नाही.

पोह्यांवर_लिंबू

रुमाल टाकून ठेवतो. हे गाणं शिकवणाऱ्या वसईकर सरांना व्यनि (खासगी निरोप) केलाय, ते येईपर्यंत कोणी भांडू नका.

वसईचा_टेनर

व्यनि मिळाला. आज शनिवार, शेवटचा विद्यार्थी पावसामुळे अंधेरीला अडकलाय, म्हणजे मला तास रिकामा. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी नाना. बाई मरताना वीस मिनिटं गाते हे कबूल. पण तलवारीने पडलेला नायक वन्स मोअरसाठी उठायचा, पद म्हणायचा आणि परत पडायचा, हे संगीत नाटकाचे किस्से तुम्हीच इथे रंगवून लिहिलेत ना? मग इटालियन बाईवर एवढा राग का? उलट तिकडे नियम कडक होता. मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात वन्स मोअर द्यायचा नाही असा दंडक. २००७ साली हुआन दिएगो फ्लोरेस नावाच्या पेरूच्या टेनरने नऊ वेळा वरचा सी, म्हणजे टेनरचा अगदी शिखरावरचा स्वर, लागणारी चीज पुन्हा म्हटली, तेव्हा तिथे १९३३ नंतर पहिल्यांदा वन्स मोअर झाला. आणि तुम्ही जिथे सिनेमे पाहिलेत त्या ऑपेरा हाऊसचं उद्घाटन १९११ चं. बालगंधर्व तिथे गायले, मास्टर दीनानाथ गायले. १९९३ ला ते बंद पडलं, २०१६ ला पुन्हा उघडलं, आणि उघडताना गायली ती पॅट्रिशिया रोझारिओ. सोप्रानो, म्हणजे बायकांतला सगळ्यात वरचा आवाज, जन्माने मुंबईची, करिअर मात्र लंडनचं.

षड्जा, (अरेतुरे करतो, माझ्या निम्म्याहून कमी वयाचा आहेस) तुझ्या पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आलं.

मी वसईचा. घरात सामवेदी बोली, शाळा मराठी, आणि रविवारी चर्चमध्ये चार आवाजांतलं गाणं. बाबा वाडीतली केळी आणि विड्याची पानं घेऊन पहाटेच्या गाडीने दादरला जायचे. १९९० साली माझी नुकतीच दहावी झाली होती. त्या जुलैत रोमला, काराकालाच्या प्राचीन स्नानगृहाच्या अवशेषांत पावारोत्ती, डोमिंगो आणि कारेरास हे तीन बडे टेनर एकाच मंचावर गायले. ऑर्केस्ट्रा चालवायची छडी कोणाच्या हातात? आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या. त्याची कॅसेट मी काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून घेतली, वह्यांच्या पैशातून. टेप गुंतायची, मग पेन्सिल घालून फिरवत बसायचं. त्यातल्या पावारोत्तीच्या 'नेसुन दोर्मा' या ऑपेरातल्या चीजेने माझं वाटोळं केलं. तिच्यातला सगळ्यात वरचा स्वर, तुझ्या काळी दोनमध्ये तार सप्तकातला कोमल धैवत, संगीतकार पुच्चीनीने क्षणभराचाच लिहिलाय. पण जगातला प्रत्येक टेनर तिथे तंबू ठोकून बसतो. मीही बसायचो, वाडीत, केळींना ऐकवत. वर्षभरात आवाज असा बसला की कॉयरमध्ये मला टेनरमधून बासमध्ये ढकललं.

पुढे बॅलार्ड पिअरला शिपिंग ऑफिसात नोकरी आणि शनिवारी कुलाब्याला एका म्हाताऱ्या पारशी बाईंकडे शिकवणी. त्यांनी आठ महिने मला पाच स्वरांच्या बाहेर जाऊ दिलं नाही. मी कुरकुर केली की म्हणायच्या, 'दीकरा, जिना चढता येत नाही आणि गच्चीची चावी मागतोस?'

त्या जिन्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण टेनरचं सगळं नशीब तिथे ठरतं. तुझी पट्टी काळी दोन. तुझ्या तार षड्जापासून तार मध्यमापर्यंतचा जो टापू आहे, त्याला इटालियन लोक पासाज्जो म्हणतात, म्हणजे वाट, खिंड. बोलण्याच्या आवाजाचा जोर त्या खिंडीपर्यंत पुरतो. पुढे तोच जोर लावला तर ओरडा होतो, आणि सोडून दिला तर आवाज एकदम पातळ, खोटा. मधली गोष्ट साधावी लागते. करून बघ: तार षड्जावर उघडा 'आ' लाव आणि तसाच गंधाराकडे ने. जबडा पुढे येईल, मान ताठ होईल, गळ्यातली घाटी वर चढेल. आता तोंडाचा आकार 'आ'चाच ठेव, पण मनात 'ऑ' म्हण, डॉक्टरमधला. घाटी जागेवर राहते आणि स्वर जणू छतावरून वळून पुढे येतो. पहिल्या प्रयत्नात येणार नाही. मला सहा वर्षं लागली आणि अजूनही गार दिवशी फसतो.

हे एवढं कशासाठी, तर माइक नाही म्हणून. समोर साठ-सत्तर वाद्यं. त्यांचा आवाज सगळ्यात दाट असतो ५०० हर्ट्झच्या आसपास, आणि वर गेलं की विरळ होत जातो. शिकलेल्या गळ्यात ३००० हर्ट्झच्या जवळपास एक जादा चमक तयार होते, बरोबर त्या विरळ जागेत. योहान सुंडबर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञाने हे मोजून दाखवलं. दिंडीत चार पखवाज घुमत असतात तरी टाळ कसे वेगळे ऐकू येतात? तसंच. टाळ मोठा वाजतो म्हणून नाही, त्याच्या जागेत दुसरं कोणी नाही म्हणून. ऑपेरा म्हणजे ओरडणं असं ज्यांना वाटतं त्यांनी (नाना!) एकदा नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरमध्ये मागच्या रांगेत बसून बघावं.

उशीर झाला का, तर अजिबात नाही. पुरुषाचा आवाज पिकायलाच तिशी उजाडते. पावारोत्तीचे वडील बेकरीत कामाला, स्वतः हौशी टेनर. पोरगा आधी प्राथमिक शाळेत शिकवायचा, मग विमा विकायचा, आणि १९६१ ला पहिल्यांदा ऑपेरात उभा राहिला तेव्हा २५ वर्षांचा होता. डोमिंगोची सुरुवात बॅरिटोन, म्हणजे टेनर आणि बासच्या मधला आवाज, म्हणून झाली. तुला उशीर झालाय तो नोटेशन शिकायला. सारेगममध्ये लिहिणं आजपासून बंद. धोबीतलावला फुर्तादोसमध्ये जाऊन थिअरीचं ग्रेड एकचं पुस्तक आण, दहा वर्षांच्या पोरांसाठी असतं, लाज वाटली तर कव्हर घाल.

आणि एक गोष्ट तुझ्याकडे आयती आहे. इटालियन उच्चार. इंग्रजी बोलणाऱ्या पोरांना दातांवरचे त आणि द शिकवताना माझे केस पांढरे झाले. मराठी माणसाला ते आईच्या दुधातून मिळतात. जोडव्यंजनंही. 'पक्का', 'सत्ता' नीट म्हणता येणाऱ्याला 'बेल्ला' शिकवायला लागत नाही. जर्मन मात्र रडवेल. ओठ 'ऊ'चे आणि आत 'ई', हे म्हणताना मी दोन वर्षं आरशासमोर माकडासारखा दिसत होतो.

पैशाचं आणि शिकवण्याचं नंतर लिहितो. पोरगा पोचला, खाली रिक्षा थांबलेली दिसते.

डोंबिवलीची_निषाद

वसईकरांचा आदर आहे, पण गळा बिघडत नाही असं कोणी सांगणार असेल तर मी हात वर करते. मी पंचवीस वर्षं ख्याल शिकवतेय. माझी एक चांगली तयार मुलगी दोन वर्षं पाश्चात्त्य गाणं शिकून परत आली. आवाज मोठा झाला होता, नाकारत नाही. पण आकाराचा ओकार झाला, मींड घेताना मधल्या श्रुती गाळून ती पायऱ्या उतरल्यासारखी उतरायला लागली, आणि प्रत्येक लांब स्वरावर कंप. दरबारी रागाचा गंधार तिच्या गळ्यातून गेला तो गेलाच. तो आंदोलित असतो, त्याला थरथर चालत नाही. मुलाने गुरुजींना विचारल्याशिवाय काही करू नये. आणि खरं सांगू का, तार मध्यमावर उघडा आकार आम्ही माइकशिवाय बैठकीत लावतो, मान ताठ न करता. शिकवावा लागतो, इतकंच.

लालबागचा_षड्ज

सर, 'ऑ' करून बघितला. तिसऱ्यांदा काहीतरी झालं, डोक्याच्या मागे घुमल्यासारखं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, टीव्ही कोणी लावला.

निषादताई, गुरुजींना कालच सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, 'दोन बायका नांदवायच्या असतील तर दोघींना वेगळ्या खोल्या दे.' आता याचा अर्थ काय लावायचा?

वसईचा_टेनर

तुझ्या गुरुजींना माझा दंडवत कळव. आणि निषादताईंचं मी खोडून काढणार नाही. बैठकीतल्या खुल्या आकाराबद्दल त्यांचं बरोबर आहे, मी तो पुढ्यातल्या शंभर माणसांसाठी कधी लावलेला नाही, मला त्यातलं कळत नाही. कंपाबद्दलही बरोबर. माझ्याकडे ख्याल गाणारे तिघं येतात. त्यांना मी सांगतो, सकाळी तानपुऱ्यावर खरज आणि तुमचं गाणं, माझं काम संध्याकाळी, मध्ये चार तास जाऊ देत. तिघांतल्या दोघांना जमलं. तिसऱ्याने ख्याल सोडला. मी सोडायला सांगितला नव्हता, पण माझ्याकडे आला नसता तर सोडला नसता हेही खरं.

आता पोट.

२७ व्या वर्षी आम्ही वाडीचा एक तुकडा विकला आणि मी जर्मनीला गेलो. कोणाला विकला आणि आज तिथे किती मजले आहेत, हे बघायला मी त्या गल्लीत जात नाही. जर्मनीच का, तर तिथे सरकारी पैशावर चालणारी ऐंशीच्या आसपास ऑपेरागृहं आहेत, गावोगावी, आणि ती गवयांना महिन्याच्या पगारावर ठेवतात. आपल्या जुन्या नाटक कंपन्यांसारखंच. आपल्याकडे राजापार्ट, स्त्रीपार्ट, खलपार्ट असायचे, तिकडे त्याला फाख म्हणतात. आवाज ऐकून तुझ्या कपाळावर शिक्का मारतात: हा नायक टेनर, हा वाग्नरच्या ऑपेरांतला वीर टेनर, हा विनोदी. मला नायक व्हायचं होतं. शिक्का पडला विनोदी. एकतीस ऑडिशन दिल्या, रेल्वेचं भाडं दरवेळी पदरचं, खिशात वसईची सुकेळी, कारण स्टेशनवरचं सँडविच परवडायचं नाही. एकतिसाव्याला एका मध्यम गावाच्या थिएटरात कोरसमध्ये नोकरी लागली. मधूनमधून छोटी कामं. 'मादाम बटरफ्लाय'मधला गोरो, लग्न जमवणारा दलाल, मी चौदा वेळा केला. लोक हसायचे. खरं सांगतो, चौदाव्या वेळेपर्यंत मला नायक व्हायची इच्छा उरली नव्हती, दलालाची भूमिकाच जास्त मजेची आहे.

तिकडच्या करारात एक कलम असतं. पुढच्या हंगामाला तू नको असशील तर ३१ ऑक्टोबरपर्यंत तसं कळवायचं. म्हणून ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा अख्खं थिएटर टपालपेटीकडे बघत असतं. २००८ ला माझं पत्र आलं. त्याच हिवाळ्यात बाबांना पॅरालिसिस झाला, आणि मी परतलो.

इथला हिशोब उघड मांडतो. मुंबईत पगारावर टेनर ठेवणारी जागा नाही. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ पासून आहे, पण तो ऑर्केस्ट्रा, वादकांचा. वर्षातून चार-पाच सोलो मिळतात. सगळ्यांचं मानधन एकत्र केलं तर सोसायटीचा मेंटेनन्स आणि लाइटबिल निघतं, तेही सगळ्या महिन्यांचं नाही. डिसेंबर-जानेवारीत चर्चमधली लग्नं, तिथे एका 'आवे मारिया' या मेरीच्या स्तोत्राचे सोलोपेक्षा जास्त मिळतात आणि वर बिर्याणी. एकदा पास्त्याच्या जाहिरातीत अर्धा मिनिट बोंबललो, त्यावर एसी आला. बाकी सगळं शिकवण्यावर. माहीमला एक खोली, बावीस विद्यार्थी, तासाला पंधराशे, ज्याला जमत नाही त्याला पाचशे. एक जुना पियानो आहे. त्याच्या पोटात पावसाळाभर चाळीसचा बल्ब जळत ठेवतो, नाहीतर दमट हवेने लाकूड फुगतं आणि पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. माझ्या खोलीत माझ्याआधी पियानोला ऊब मिळते.

'शेवटी शिकवण्याच करायच्या असतील तर' असं तू लिहिलंस ना, ते वाक्य मला जरा लागलं. कारण परत आल्यावर मीही तेच म्हणायचो. तेव्हा काय झालं ते सांगतो.

२०१३ चा डिसेंबर. शनिवारी सकाळी आठ ते रात्री आठ, नऊ विद्यार्थी. मला एकच शिकवणं माहीत होतं: गाऊन दाखवायचं. सोप्रानो आली की खोट्या आवाजात तिचं दाखव, बास आला की खाली उतर, लहान मूल आलं की त्याच्या पट्टीत. आणि रोज संध्याकाळी 'मसाया' या येशूवरच्या मोठ्या गायनकृतीची तालीम. हेंडेलचा 'मसाया' सुरू होतो तेव्हा आधी नुसती वाद्यं, मग पहिला मानवी आवाज टेनरचा. आणि तो काय म्हणतो? 'ग रे सा'. एवढंच. पांढरी तीनच्या पट्टीतला, तार सप्तकातला संथ 'ग रे सा'. पहिल्या वर्गातली पोरगी म्हणेल. फक्त तो गंधार बरोबर खिंडीच्या माथ्यावर आहे, गळा तापलेला नाही, बाराशे माणसं श्वास रोखून बसलीत, आणि तो प्रेमाने, हळू लावायचाय, कारण शब्दांचा अर्थ आहे, सांत्वन करा.

सोमवारी तालमीत मी तोंड उघडलं आणि गंधाराच्या जागी हवा आली. नुसती हवा.

घशाच्या डॉक्टरांनी कॅमेरा घालून पडद्यावर दाखवलं. दोन्ही स्वरतंतू सुजलेले आणि समोरासमोर दोन गाठी, खसखशीच्या दाण्याएवढ्या. कार्यक्रम दुसऱ्याने गायला. मला तीन आठवडे एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, कुजबुज जास्त वाईट. लोकलमध्ये 'उतरना है क्या' विचारलं तर मी वहीत लिहून दाखवायचो, लोक मुका समजून जागा द्यायचे. (ती एक सोय झाली.)

फी परत देण्याची ऐपत नव्हती म्हणून शिकवणं चालू ठेवलं, मुक्यानेच. ताल द्यायचा तर टेबलावर बोटं, श्वास चुकला तर त्याच्या बरगडीकडे बोट, स्वर घसरला तर पियानोवर एकच पट्टी. एक मुलगा चार वर्षं माझ्याकडे येत होता, गोरेगावचा, बॅरिटोन. हुबेहूब माझ्यासारखा गायचा आणि मला त्याचा अभिमान होता. दुसऱ्या आठवड्यात, नक्कल करायला माझा आवाजच नाही म्हटल्यावर, तो कसाबसा स्वतःच्या जागेवरून गायला लागला. जाड, जरा खडबडीत, कधी न ऐकलेला आवाज. चार वर्षं मी त्याला टेनरच्या चपला घालून चालवत होतो. वहीत मी त्याला लिहिलं, 'हा कोण गातोय?' तो म्हणाला, 'सॉरी सर.' त्याला वाटलं चुकलं.

त्यानंतर मी वाचायला लागलो. मानुएल गार्सिया नावाचा स्पॅनिश टेनर होता, १८१६ ला रोमला 'सेव्हिलचा न्हावी' हा ऑपेरा पहिल्यांदा झाला तेव्हा नायक तोच. पोरांना स्वतः शिकवलं, मारिया मालिब्रान आणि पोलीन व्हियार्दो या त्याच्या मुली जगभर गाजल्या. त्याच नावाच्या मुलाचा आवाज मात्र तरुणपणीच खराब झाला आणि तो फक्त शिक्षक झाला. येनी लिंड ही स्वीडिश सोप्रानो त्याच्याकडे आली ती आवाज घालवून, तर शिकवणं सुरू करण्याआधी त्याने तिला कित्येक आठवडे गप्प बसवलं. १८५४ साली याच गार्सियाने दंतवैद्याचा छोटा आरसा घशात धरून, उन्हाची तिरीप त्यावर पाडून स्वतःचे स्वरतंतू हलताना पाहिले. माझ्या घशात जो कॅमेरा गेला त्याचा तो पणजोबा. १०१ वर्षं जगला. गाता येत नाही म्हणून शिकवायला बसलेला माणूस.

आज मी विद्यार्थ्यासमोर दिवसाला दहा मिनिटांहून जास्त गात नाही. 'मसाया' दोन वर्षांनी परत गायलो. गंधार लागला. आधीपेक्षा लहान लागला.

तर तुला सल्ला: नोकरी सोडू नकोस, निदान तीन वर्षं. आठवड्याला एक तास शिक, रोज पंचवीस मिनिटं कर, त्याहून जास्त नाही. इटालियनचा एखादा वर्ग लाव. तीन वर्षांनी खिंड ओलांडता आली तर बाहेरच्या परीक्षांचं बघू, तेव्हा तू २६ चा असशील, चालतं. जर्मनीत सरकारी संगीत विद्यालयांत बहुतेक राज्यांत शिक्षण फी नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १५०० युरो घेतं. राहण्याखाण्याचा खर्च सगळीकडे आपलाच, आणि विकायला वाडी असेलच असं नाही. विशारदही पूर्ण कर. ती वेगळी खोली.

हिंदूकॉलनीचे_नाना

वाचलं सगळं. टाळाचं उदाहरण पटलं. बाकी मरणाऱ्या बाईबद्दल माझं मत कायम. कॉयरला बास कमी आहेत का? माझी पट्टी खालची आहे, वय ६४. सहज विचारतोय.

वसईचा_टेनर

नाना, बासला साठीनंतरच खरा रंग येतो. मंगळवारी सात वाजता, माहीम. चप्पल बाहेर काढायची आणि मत बरोबर घेऊन आलात तरी चालेल.

लालबागचा_षड्ज

कालच्या शनिवारी जाऊन आलो. पाऊण तास फक्त 'ऊ' म्हणवून घेतलं, तेही पाच स्वरांत. 'आ'ला गणपती होईपर्यंत हात लावायचा नाही. पियानोत खरंच बल्ब आहे, त्याच्या फटीतून उजेड येतो आणि पट्ट्या जरा कोमट लागतात.

बाबांनी रात्री जेवताना विचारलं, 'काय म्हणाले तुझे कंडक्टर?' म्हटलं, हे कंडक्टर नाहीत, शिक्षक आहेत. 'मग ठीक आहे,' म्हणाले.

एकच अडचण आहे. निघताना सरांनी सांगितलं, दहा दिवस ओरडायचं नाही, आरतीला वरची पट्टी धरायची नाही, आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत तोंड बंद. लालबागमध्ये! हे मंडळातल्या पोरांना कसं सांगायचं यासाठी वेगळा धागा काढतो.